चौदा मीटर

नियमात पट्टी चौदा मीटरची.
आमचा हॉल तीनदा टेप लावून मोजला:
बारा मीटर चाळीस.
भांडुप, पालिका शाळा, तिसरा मजला,
सोम-बुध-शुक्र, सहा ते आठ.
परवानगीपत्रावर खेळाचं नाव 'लेझीम व तत्सम',
कारण कारकुनाच्या यादीत तलवारबाजी नव्हती
आणि मी वाद घातला नाही.

मी खजिनदार. तलवार कधी धरली नाही,
धरला तो मल्टिमीटर.
कुठली वायर आतून तुटलीय ते हलवून सांगतो.
पातं मोडतं तेव्हा ऊस मोडल्यासारखा आवाज होतो,
पोरं आधी माझ्याकडे बघतात
आणि मी मनातल्या मनात वजाबाकी करतो.

अकरा पोरं, सात मास्क.
डाव्या हाताचा मोजा एकच,
तो एकाच्या हातातून निघतो तसाच गरम दुसऱ्याच्या हातात जातो.
रविवारी मास्क गच्चीत वाळत घालतो.
पाटकरवहिनी विचारतात,
"भावजी, ताटं झाकायच्या जाळ्या का हो या?"
कनोजिया जॅकेटं फुकट धुतो. अट एकच,
त्याच्या धाकट्याचा पदक घालून एक फोटो.
पदक कुणाचंही चालेल.

घोणेबाई सकाळी लॅबमध्ये रक्त काढतात,
संध्याकाळी शिकवतात.
"टोचायचं नाही रे, टेकवायचं.
हात घाबरला की समोरच्याला दुखतं."
सुईबद्दल बोलतात की पात्याबद्दल,
मला अजून नीट कळलेलं नाही.

मी आलो होतो मुलीसाठी.
तिने नववीत सोडलं.
किल्ली परत करायची पहिल्या वर्षी विसरलो,
दुसऱ्या वर्षी कुणी मागितली नाही,
आता ती घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असते
आणि अंधारात सगळ्यात आधी तीच हाताला लागते.

हॉलच्या एका टोकाला लोखंडी कपाट.
आत जुने नकाशे, चावी हरवलेली, हलवायची मनाई.
मागे हटणाऱ्याची पाठ त्याच्यावर आदळते,
धाडकन, दुसऱ्या मजल्यापर्यंत.
बाहेरचे लोक म्हणतात, भांडुपची पोरं फार आक्रमक.
आक्रमक कसली,
मागे कपाट आहे.

नाशिकला मिस्बाह चौदा-चौदावर होती.
समोरची उंच, कोल्हापूरची, लांब हाताची.
मिस्बाह एक पाऊल मागे आली, दुसरं,
तिसरं घेतलं,
आणि थांबली.
मागे काहीच नव्हतं.
मोकळी पट्टी, दीड मीटर, पंचांचे बूट,
तरी ती थांबली, पाठ ताठ करून,
जशी इथे थांबते.
दिवा समोरचीचा लागला.

तिने मास्क काढला, सलामी दिली,
मोकळा हात पुढे केला. रडली नाही.
कसाऱ्याला एसटी चहाला थांबली तेव्हा म्हणाली,
"काका, मागे अजून जागा होती."
"होती."
"डोक्याला ठाऊक होतं हो.
पायांना नव्हतं."
मी दोन वडापाव घेतले, वहीत लिहिले नाहीत.

सोमवारी आम्ही पट्टी फिरवली.
कपाटापासून लांब, दाराच्या दिशेने.
खडूची रेघ हॉलभर ओढली,
दारातून बाहेर काढली,
व्हरांड्यात एक मीटर साठ,
पिण्याच्या पाण्याच्या नळाच्या जरा अलीकडे संपवली.
बोडके वॉचमन आले, बघत उभे राहिले,
म्हणाले, "खेळ बाहेर आला तुमचा."
रोज जिना झाडताना रेघ तेवढी सोडून झाडतात.

मी आता बाहेरच बसतो,
वही, चिकटपट्टी, तुटक्या वायरींचा डबा घेऊन.
आत पावलं घासतात, पातं पात्याला लागतं,
बाईंचा आवाज येतो, "हट, अजून हट, आहे जागा!"
आणि दारातून एक पांढरी पाठ येऊ लागते,
न बघता, माझ्याकडे,
अर्धा मीटर, अजून अर्धा.

मी पाय आत ओढून घेतो.